सातव्या वाटीतले स्क्रू

फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरच्या पंख्याचे दोन स्क्रू लावले होते आणि दोन बाकी होते. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. जुईनगर स्टेशनजवळ एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे. गाळा म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीला लोखंडी फळ्या आणि कॉम्प्युटर जोडायचं सामान. टेबलावर बुटाच्या खोक्याएवढी एक केस, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, उघडी होती. पलीकडून सुमनवहिनींचा, हसूदादाच्या बायकोचा आवाज आला, ‘परदीप, तुझा दादा गेला रे...’ आंघोळ करून आला, टॉवेल खांद्यावर तसाच होता, खुर्चीत बसला आणि मान टाकली, असं काहीतरी त्या सांगत होत्या. मी ‘हो’ म्हणालो. नुसतं ‘हो’. फोन ठेवला, स्क्रू ड्रायव्हर उचलला, उरलेले दोन स्क्रू लावून आवळले, केसचं झाकण बसवलं आणि मग उठलो. शटर ओढून रस्त्यावर आलो.

पाच आठवडे झाले त्याला. धक्क्यात माणूस असंच काहीतरी करतो, असं बायको म्हणते. करत असेल. अर्धा लावलेला पंखा सोडून उठायचं नाही ही दादाचीच शिस्त, तेव्हा हात आपोआप चालले असतील, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मला छळतंय ते वेगळंच. ते शेवटचे दोन स्क्रू लावण्याआधी मी त्यांची लांबी मोजली होती का? काही केल्या आठवत नाही. ती केस अजून तशीच, झाकण लावलेली, पडून आहे. ज्यांची आहे ते सज्जन आहेत, ‘सावकाश द्या, घाई नाही’ म्हणाले. मी रोज संध्याकाळी गाळा उघडतो, तिच्याभोवती फिरतो, फळ्या पुसतो, वायरी गुंडाळतो, पुन्हा सोडतो आणि घरी येतो. हे लिहितानाही तीनदा उठून आलोय. एकदा पाणी प्यायलो, एकदा गॅलरीचं दार लावलं. तिसऱ्यांदा का उठलो ते कळलंच नाही.

हसुराम ठाकूर हे त्याचं पूर्ण नाव. जासई गावचा. आम्ही सगळे त्याला हसूदादा म्हणायचो. त्याच्या वडिलांची भातशेती होती. आता तिथे कंटेनरचं यार्ड आहे आणि त्याच यार्डात दादानं पंधरा वर्षं चेकर म्हणून नोकरी केली. कुठला डबा कुठे ठेवायचा, किती जागा सोडायची, चार कोपरे नीट बसले की नाही, हे बघायचं काम. कॉम्प्युटर त्याला कुणी शिकवला नाही. यार्डाच्या ऑफिसातला एक बिघडला, यानं तो उघडला, आणि मग याला उघडायची चटकच लागली. नोकरी सोडून त्यानं हा गाळा घेतला तेव्हा घरात पंधरा दिवस कुणी त्याच्याशी धड बोललं नाही म्हणे. त्यात पुन्हा याचा हट्ट असा, की मोठे टॉवर जोडायचे नाहीत. लहान केस, जिच्यात हात घालायलाही जागा नाही, तीच हवी. मी एकदा विचारलं, अरे मोठ्या केसमध्ये सगळं आरामात बसतं, कशाला जिवाला त्रास? तो हसून म्हणाला, ‘मोठी जागा व्हती तवा कोन मोजत व्हता? आता बोटबोट मोजतंय.’ बोलून पुन्हा कामाला लागला. मी मात्र त्या वाक्यावर दोन दिवस विचार करत होतो.

आमची ओळख झाली ती माझ्याच कॉम्प्युटरमुळे. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क आहे. माझे वडील मराठवाड्यातून आले, जुईनगरला दोन खोल्या घेतल्या, आणि घरात पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या मुलीच्या अभ्यासासाठी. तो खडखडायला लागला. स्टेशनकडून येताना दादाच्या गाळ्याची पाटी दिसली म्हणून उचलून नेला. त्यानं तो चालूही केला नाही. कानाशी धरून नारळ हलवावा तसा हलवला आणि म्हणाला, ‘तुझ्या डब्यात पाव्हना हाय.’ झाकण काढलं तर आत एक सुटा स्क्रू फिरत होता. तो काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, आता सांग, हा कुठला? मी कसा सांगणार? मग त्यानं मला अर्धा तास उभं करून दाखवलं, की हार्ड डिस्कच्या स्क्रूचा आटा वेगळा, बोर्डाचा वेगळा, पंख्याचा वेगळा, आणि दिसायला सगळे भावाभावांसारखे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. काही काम नसताना. त्यानंतर अकरा वर्षं संध्याकाळी आणि रविवारी मी तिथेच असायचो. बायको विचारायची, तुमचं लग्न नक्की कुणाशी झालंय?

स्क्रू ठेवायला त्याच्याकडे स्टीलचा मसाल्याचा डबा होता. सहा वाट्या गोल आणि सातवी मधोमध. वहिनींचा. त्यांनी तो माहेरून आणलेला, आणि दादानं एका दुपारी हळद-तिखट कागदावर ओतून तो सरळ गाळ्यावर आणला. वहिनी जासईहून कधी आल्या की आधी डब्याकडे बघायच्या. ‘माजा डबा कधी देताव?’ हा म्हणायचा, ‘तुना नवीन घेतो.’ ‘नवीन नको, माजाच दे.’ हे भांडण अकरा वर्षं मी ऐकलं. एका वाटीच्या तळाला हळदीचा पिवळा डाग होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. त्या वाटीत पंख्याचे आखूड स्क्रू असायचे आणि आम्ही त्यांना हळदवाले म्हणायचो.

त्याची कामाची पद्धत मी इथे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लहान केसमध्ये पंख्याला जागा कमी असते, त्यामुळे कधी जाड पंखा बसतो, कधी पातळ. पंख्याच्या पलीकडे गरम भाग थंड करणाऱ्या बारीक पत्र्यांची जाळी असते, आणि काही यंत्रांत त्या जाळीतून पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात. स्क्रू पंख्यातून आरपार जाऊन जाळीच्या चौकटीत बसतो. जरा लांब झाला की थेट नळीत. म्हणून दादा प्रत्येक स्क्रू आधी पंख्याच्या कडेला उभा धरून बघायचा. पलीकडे नखाएवढा बाहेर आला तर बरोबर, जास्त आला तर वाटीत परत. मग तो आधी उलटा फिरवायचा, आटा सापडला की टक असं बोटाला कळतं, आणि तेव्हाच सुलटा. चारही स्क्रू हातानं सैल लावायचे, मग तिरपे, समोरासमोरचे आवळायचे. स्क्रूच्या पाकिटावर काय छापलंय हे तो बघायचाच नाही. मी स्टोअरचा माणूस, माझा सगळा जन्म पाकिटावरच्या छापील नंबरावर गेला. आमच्याकडे कोड जुळला की माल द्यायचा, खोका उघडून बघणारा वेडा. दादा मला चिडवायचा, ‘परदीप, उद्या मिठाच्या पाकिटावर साखर लिवलेला असंल त चहात टाकशील.’ मी म्हणायचो, टाकीन, आणि खारट झाला तर पाकीटवाल्याला पकडीन.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्वेता नावाची आमच्याच भागातली मुलगी पुण्याला इमारतींची ड्रॉइंग्ज शिकत होती. शेवटचं वर्ष. तिला ताकदीचा पण बॅगेत मावेल असा कॉम्प्युटर हवा होता. दादानं एवढीशी केस निवडली आणि तिच्यात पाण्यावर थंड होणारी जाळी बसवायचं ठरवलं. जाळीवर दोन पंखे. एक जाड, आणि दुसऱ्याच्या खाली मेमरीच्या पट्ट्या अडत होत्या म्हणून तो पातळ. शनिवारची दुपार होती, कारखान्याला सुट्टी होती. दादाच्या पुतणीची हळद त्या दिवशी, आणि जासईत हळद म्हणजे अख्खा गाव, बँड, मटणाच्या कढया. त्याला बाराला पोचायचं होतं आणि दीड वाजला होता. घरून फोनवर फोन. जाड पंखा लावून तो उठला, नवीन शर्ट चढवता चढवता म्हणाला, ‘पातलवाला तू लाव. बघून लाव.’ आणि गेला.

मी पाकीट घेतलं. पाकिटावर पंख्याचं चित्र होतं, खाली पंख्याचे स्क्रू असंच छापलेलं. जाड पंख्याचे की पातळ पंख्याचे, हे लिहिलं नव्हतं. मी मोजलं नाही. डबा हाताशी होता, हळदवाली वाटी समोर होती, तरी मोजलं नाही. तीन स्क्रू सरळ गेले. चौथा आवळताना बोटांना कच असं काहीतरी लागलं. बारीकसं. काकडी दाताखाली यावी एवढंच... मी थांबलो. काढून बघावा असं मनात आलंही. मग मीच मला सांगितलं, रंग खरवडला असेल. झाकण लावलं, मशीन चालू करून पाहिलं, छान चाललं. संध्याकाळी मीही हळदीला गेलो, दादासोबत जेवलो. त्यानं विचारलं, झाला का? मी म्हणालो, झाला.

चौथ्या दिवशी श्वेताचा पुण्याहून रडत फोन आला. मशीन बंद पडलं होतं आणि खालून ओल येत होती. प्रोजेक्ट त्यातच. तिचे वडील मशीन घेऊन गाळ्यावर आले तेव्हा मी कारखान्यात होतो. संध्याकाळी पोचलो तर दारात माणसं उभी. वडील दादाला वाटेल ते बोलत होते. यार्डात डबे मोजणाऱ्यानं पोरांच्या आयुष्याशी खेळू नये, असंही बोलले. दादा मान खाली घालून उभा. म्हणाला, ‘साहेब, चूक माजी हाय. घरात हळद व्हती, घाईत लावला. माज्या हातून झाला.’ मी दोन पावलांवर होतो. ‘दादा, तो मी लावला होता’ एवढंच म्हणायचं होतं. पाच-सहा शब्द. मी ते म्हटले नाहीत. नंतर मी मनाची समजूत घातली, की घाईत होता, दोन्ही पंखे आपणच लावले असं त्याला खरंच वाटतंय. त्याला वाटतंय तर वाटू दे, उद्या सांगू. श्वेताच्या फाइली त्यानं दोन दिवस खपून बाहेर काढून दिल्या, प्रोजेक्ट वेळेवर गेला. मग मला वाटलं, आता कशाला उकरायचं? त्या उद्याला सहा वर्षं झाली.

त्या प्रकारानंतर दादा बदलला. पाण्याचं काम त्यानं कायमचं बंद केलं. जुईनगरमध्ये बोभाटा झाला, की हसूदादाचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. एका ऑफिसचं मोठं काम दुसरीकडे गेलं. मी ऐकायचो आणि वायरी गुंडाळायचो. आणि एक नवी सवय त्याला लागली. कुठलीही केस बंद करण्याआधी तो पंख्यावर बोट टेकवायचा आणि विचारायचा, ‘यो कोनी लावला?’ गाळ्यात आम्ही दोघंच. त्यानं लावलेला नसेल तर मीच लावलेला असणार, यात विचारायचं काय? पण तो रोज विचारायचा, आणि मी म्हणायचो, ‘मी लावला.’ तो क्षणभर माझ्याकडे बघायचा, मान हलवायचा आणि झाकण लावायचा. स्वतः लावलेला असला तरी स्वतःच विचारून स्वतःच उत्तर द्यायचा, ‘मी लावला.’ मला वाटायचं, बिचाऱ्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालाय, म्हणून सारखी खात्री करतो. आणि तो विश्वास आपण उडवलाय. कधीकधी त्याचा तो प्रश्न आला की मला उठून बाहेर जावंसं वाटायचं. मी चहा सांगायला म्हणून जायचोही. चहा आधीच आलेला असायचा.

तेराव्याला जासईला गेलो. दुपारी पंगती उठल्यावर वहिनी ओटीवर एकट्या बसल्या होत्या. मी सोबत तो मसाल्याचा डबा नेला होता. सगळे स्क्रू पिशव्यांत भरून, घासून, पुसून. म्हटलं, वहिनी, हा तुमचा डबा. त्यांनी झाकण उघडलं, पिवळा डाग बघितला आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, ‘मधल्या वाटीतलं काय केलास?’ मी सांगितलं, मधल्या वाटीत चार जुने लांब स्क्रू होते, कधी वापरले नाहीत, तेही पिशवीत आहेत. त्यांनी डबा खाली ठेवला.

‘तुना ठाव नाय?’

‘काय?’

‘त्या पोरीच्या मशीनमदलं हाईत ते. तुझ्या दादानी काढून ठेवलं. त्याच दिवशी घरी येऊन बोल्ला, परदीपनी लांबवालं लावलं. मी बोल्ली, मंग तुमी कशाला शिव्या खाल्ल्या? त बोल्ला, तो सांगंल. चार लोकांत नको, पन मना तो सांगंल.’

मी म्हणालो, ‘मग त्यानं मला विचारलं का नाही, वहिनी? एकदा तरी विचारायचं...’

‘रोज त इचारीत व्हता,’ वहिनी म्हणाल्या.

जासईहून जुईनगरला मी कसा आलो ते सांगता येणार नाही. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा रागही आला. सहा वर्षं! दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर सुटलो असतो. शिव्या घातल्या असत्यास तर भांडलो असतो, रडलो असतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो असतो. हा माणूस मात्र रोज माझ्यासमोर दार उघडून उभा राहायचा आणि मी रोज चहा सांगायला जायचो. मधली वाटी आमच्या दोघांच्या हातांच्या मध्ये होती. तिच्यातले ते चार स्क्रू मी शेकडो वेळा पाहिले. एकाचं टोक घासून चकचकीत झालेलं होतं, तेही पाहिलं. हे इथे का ठेवलेत, असं मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, हे मला आतून ठाऊक असणार.

गेल्या आठवड्यात मी श्वेताला फोन केला. आता ती नोकरी करते. सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, ‘अहो काका, किती वर्षं झाली त्याला, टेन्शन नका घेऊ.’ नंतर हळू आवाजात म्हणाली, ‘बाबा त्यांना फार बोलले होते हो. मी बाबांना सांगते.’ आणि आता तुम्हांलाही सांगतोय, जुईनगरच्या त्या दारात उभ्या असलेल्या आणि नंतर त्याच्या हाताबद्दल बोलणाऱ्या सगळ्यांना. हसूदादाचा हात शेवटपर्यंत पूर्वीचाच होता. तो स्क्रू मी लावला होता.

एवढं लिहून झालं आणि कागद तसेच टाकून काल संध्याकाळी मी गाळ्यावर गेलो. डबा वहिनींनी परत पाठवलाय. ‘आता यात मसाला घालवनार नाय,’ म्हणाल्या. मी सगळ्या वाट्या पूर्वीसारख्या भरल्या. मधल्या वाटीत ते चार ठेवले. ती बंद केस पुढ्यात ओढली, झाकण काढलं आणि त्या रविवारी लावलेल्या पंख्याचे चारही स्क्रू काढले. आधीचे दोन, मग फोन आल्यानंतरचे दोन. एकेक पंख्याच्या कडेला उभा धरला. फोन आल्यानंतरच्या दोनांतला एक नखाएवढाच बाहेर आला. दुसरा चांगला दोन नखं. लांबवाला होता. टॉर्च मारून खाली बघितलं, त्याचं टोक पोचत होतं तिथून उष्णता वाहून नेणाऱ्या, बिनपाण्याच्या तांब्याच्या नळीपर्यंत जेमतेम कागद सरकेल एवढं अंतर होतं. हळदवाल्या वाटीतून आखूड घेतला, मोजला, आधी उलटा फिरवला. टक. मग चारही तिरपे आवळले.

झाकण हातात घेतलं आणि थांबलो. समोरचं स्टूल रिकामं होतं. बोट मात्र पंख्यावर टेकलं होतं, माझंच.

‘मी लावला, दादा,’ मी म्हणालो. ‘हा पण, आणि तो पण.’